पाय धुण्याच्या हौदाअलीकडून

प्रति,
राज्यातल्या महापालिका-नगरपालिकांचे क्रीडा अधिकारी, जलतरण तलावांचे व्यवस्थापक, ठेकेदार आणि पासाच्या खिडकीत बसणारे सर्वजण यांस

स. न. वि. वि.

गेल्या महिन्यातली गोष्ट. सकाळची सव्वासहाची बॅच आटोपून मी तलावाबाहेरच्या बाकावर कॅलिपरचे, म्हणजे अधू पायाला आधार देणाऱ्या लोखंडी सांगाड्याचे, पट्टे आवळत बसले होते. समोर पासाच्या खिडकीशी एक बाई मुलीला घेऊन उभ्या होत्या. मुलगी दहा-अकराची, उजवा हात जन्मापासून कोपरापर्यंतच. आईच्या हातात भरलेला फॉर्म, दोन फोटो, डॉक्टरांचं सर्टिफिकेट, सगळं तयार. खिडकीतल्या माणसाने फॉर्म वाचला, मग मुलीकडे पाहिलं आणि फॉर्म परत सरकवला. उद्धट बोलला नाही तो. उलट अगदी मऊ आवाजात म्हणाला, "ताई, कशाला रिस्क घेता? काही झालं तर आमची नोकरी जाईल. एखादा खासगी क्लास बघा." आणि बोटाने बोर्ड दाखवला.

तो बोर्ड मला पाठ आहे. निळ्यावर पांढरी अक्षरं. नियम क्रमांक ७: संसर्गजन्य रोग, त्वचारोग, फिट येणे अथवा शारीरिक अपंगत्व असलेल्या व्यक्तींस प्रवेश दिला जाणार नाही. नायटा, कोड, फेफरं आणि मी, असे आम्ही एका ओळीत बसलो आहोत. बोर्ड दोनदा रंगवला गेला, तलावाचा ठेका चारदा बदलला, ओळ तशीच राहिली. हा नियम मोडून मी सदतीस वर्षं पोहते आहे.

मला कोणी अडवलं नाही, कारण १९८८ साली खिडकीत बसणाऱ्या सरांनी माझ्या फॉर्मवर लाल पेनाने "माझ्या जबाबदारीवर" असं लिहून सही ठोकली. मी बारा वर्षांची होते. डाव्या पायाला पोलिओ, मांडीपासून खाली जोर नाही. त्या सहीवर माझी आख्खी पोहण्याची कारकीर्द उभी आहे. कारकीर्द हा शब्द मोठा वाटेल, पण राज्य पातळीवरची चार-पाच पदकं, एकदा राष्ट्रीय स्पर्धेत शेवटून दुसरा नंबर आणि सदतीस वर्षांची सकाळ, याला दुसरं काय म्हणू? ते सर वारले. तशी सही करणारं माणूस खिडकीत असेलच, असं आता धरून चालता येत नाही. म्हणून हे पत्र.

आधी हौदाचं सांगते, कारण बोर्डाइतकाच तोही अडवतो, फक्त अक्षरं नसतात.

तुम्ही रोज त्यातून जाता म्हणून तुम्हाला तो दिसत नाही. कपडे बदलायच्या खोलीतून तलावाकडे जाताना पाय बुडवून पुढे जायचा तो क्लोरीनच्या पाण्याचा हौद. आमच्याकडे पाच फूट लांब, सहा-सात इंच खोल, दोन्ही टोकांना उंबरा आणि दोन्ही अंगांना भिंत, म्हणजे बाजूने वाट नाही. कॅलिपर घालून त्यात उतरता येत नाही. चामडं भिजलं की फुगतं, वाळलं की आक्रसतं, आणि लोखंड गंजतं. म्हणून कॅलिपर अलीकडे काढायचा, डावा हात डाव्या गुडघ्यावर दाबून धरायचा म्हणजे गुडघा दुमडत नाही, उजवा हात भिंतीला, आणि शेवाळलेल्या लादीवरून ती पाच फुटं काढायची. सदतीस वर्षांत पाण्यात मला एकदाही धाप लागून कुणी बाहेर काढलेलं नाही. हौदात मात्र तीनदा पडले आहे. एकदा मनगट मोडलं आणि त्या वर्षीची जिल्हा स्पर्धा गेली. व्हीलचेअरवरचा माणूस तर त्या हौदाच्या पलीकडे जाऊच शकत नाही. त्याच्यासाठी तलाव तिथेच संपतो.

मला दिव्यांग म्हणा, अपंग म्हणा. शब्दावर माझं अडत नाही. हौदावर अडतं.

आता तुम्ही म्हणाल, एवढ्यासाठी खुलं पत्र? तर त्याचं कारण मोठं आहे आणि ते आपल्याच मातीतलं आहे. मुरलीकांत पेटकरांचं नाव आता तुम्हाला सांगावं लागत नाही. त्यांच्यावर सिनेमा निघाला आणि ज्या ज्या नगरपालिकेला सुचलं तिने त्यांचा फोटो लावला. पण ते पोहायला कुठे लागले, हे पाहा. सांगली जिल्ह्यातल्या पेठ इस्लामपूरचा मुलगा, अंगात कुस्ती, पुढे सैन्यात गेला आणि बॉक्सिंग करू लागला. १९६५च्या युद्धात गोळ्या लागल्या आणि एक गोळी पाठीच्या कण्यात कायमची राहिली. कमरेखालचं बळ गेलं. मुंबईत कुलाब्याच्या नौदलाच्या अश्विनी रुग्णालयात उपचार चालू असताना डॉक्टरांनी त्यांना पाण्यात उतरवलं, व्यायाम म्हणून. औषधाचाच एक भाग. १९६८ला तेल अवीवच्या पॅरालिम्पिकला ते गेले तेव्हा टेबल टेनिस खेळले. चार वर्षांनी, ऑगस्ट १९७२मध्ये, जर्मनीतल्या हायडेलबर्गला पन्नास मीटर फ्रीस्टाइल ३७.३३ सेकंदांत पोहून त्यांनी सुवर्णपदक जिंकलं आणि विश्वविक्रम केला. पॅरालिम्पिकमधलं भारताचं ते पहिलं सुवर्ण. ऑलिम्पिकमध्ये भारताला पहिलं वैयक्तिक सुवर्ण मिळायला २००८ साल उजाडावं लागलं.

पुढचंही सगळ्यांना माहीत आहे. पद्मश्री मिळाली २०१८ला, पदकानंतर शेहेचाळीस वर्षांनी. अर्जुन पुरस्कार, तोही जीवनगौरव, जानेवारी २०२५मध्ये, वयाच्या ऐंशीव्या वर्षी. या उशिरावर पुष्कळ लिहून झालं आहे आणि मला त्यात भर घालायची नाही. मला दुसरीच गोष्ट खटकते. १९७२नंतर पॅरालिम्पिकमध्ये पोहण्यात भारताला एकही पदक मिळालेलं नाही. एकही नाही. पॅरिसला २०२४मध्ये आपण एकूण २९ पदकं आणली, भालाफेक, बॅडमिंटन, नेमबाजी, तिरंदाजी, सगळीकडून आणली. पाण्यातून काही आलं नाही. आपल्याकडे विहिरी आहेत, नद्या आहेत, समुद्र आहे, पाठीला डबा बांधून पोरांना विहिरीत ढकलणारे आजोबा आहेत. मग आपल्याला पदक देणारा तो एक माणूस पाण्यात उतरला तो लष्करी रुग्णालयामुळे, हे तुम्हाला विचित्र वाटत नाही? त्याला कुणी खिडकीवर फॉर्म भरायला लावला नाही. फॉर्म भरावा लागला असता तर नियम क्रमांक ७ होताच.

प्रयत्न करणारे नाहीत असं अजिबात नाही. सोलापूर जिल्ह्यातल्या करमाळ्याकडचा सुयश जाधव घ्या. वडील स्वतः पोहणारे, त्यांनी मुलाला लहानपणीच पाण्यात घातलं. अकराव्या वर्षी हातातली लोखंडी सळई विजेच्या तारेला लागली आणि दोन्ही हात कोपराखाली कापावे लागले. तरी रिओ २०१६, टोकियो आणि पॅरिस अशी तीन पॅरालिम्पिक त्याने गाठली. २०१८ला जकार्ताच्या आशियाई पॅरा स्पर्धेत पन्नास मीटर बटरफ्लायमध्ये सुवर्ण मिळवलं. २०२०ला अर्जुन पुरस्कार. ज्यांना पोहता येतं त्यांनी एक करून पाहावं: मुठी घट्ट वळून पन्नास मीटर जावं. पाणी धरायला पंजा नसला की हात नुसता फिरतो आणि माणूस जागेवर राहतो. सुयशला तर मनगटही नाही, पुढचा हातच नाही. त्याचं सगळं इंजिन खांद्यात, पोटात आणि पायांत. असा माणूस एका स्पर्धेपुरता पोहू शकेल कदाचित. तीन पॅरालिम्पिकपर्यंत पोहत राहायचं तर त्याच्या वर्षातले किती दिवस पाण्यात जात असतील, हिशोब करा. त्याच्याकडे वडील होते, पाठीशी घर होतं. ज्याचे वडील पोहणारे नाहीत त्याने कुठे जायचं? तुमच्याकडे. तुमच्याखेरीज दुसरं कोण आहे?

नागपूरच्या कांचनमाला पांडे जन्मापासून अंध. २०१७मध्ये मेक्सिकोतल्या जागतिक स्पर्धेत दोनशे मीटर मेडलीचं सुवर्ण त्यांनी आणलं. अंधांच्या गटात सगळ्यांना काळे केलेले गॉगल घालावे लागतात, कुणाला थोडंफार दिसत असेल तर तोही फायदा राहू नये म्हणून. भिंत जवळ आली हे कळायला काठावर एक माणूस लांब काठी घेऊन उभा असतो. काठीच्या टोकाला मऊ गोळा. त्याने डोक्यावर किंवा पाठीवर नेमक्या क्षणी टपली मारायची. लवकर मारली तर पोहणारा लवकर वळतो आणि भिंत हुकते, उशिरा मारली तर डोकं भिंतीवर. हे काम करणारा माणूस पोहणाऱ्याच्या हातांची लय ओळखणारा लागतो. तो एक-दोन दिवसांत तयार होत नाही. तुमचे जीवरक्षक दिवसाचे आठ-आठ तास काठावर उभे असतात. त्यातल्या एकाला ही काठी धरायला शिकवायला किती खर्च येईल? एक बांबू आणि एक टेनिसचा चेंडू. मी खोटं बोलत नाही, सरावासाठी बरेच जण हेच वापरतात.

परदेशातली उदाहरणं द्यायची मला फारशी आवड नाही. कारण ती दिली की लगेच उत्तर येतं, "अहो, तिकडे पैसा आहे." पण एक मुद्दा तिकडूनच दिसतो. अमेरिकेची जेसिका लाँग. सायबेरियात जन्मली, गुडघ्याखाली पायांत हाडं पुरती नव्हती. बाल्टिमोरच्या एका कुटुंबाने दत्तक घेतली आणि दीड वर्षाची असताना दोन्ही पाय गुडघ्याखाली कापले. आजी-आजोबांच्या अंगणातल्या तलावात ती डुंबायला शिकली, दहाव्या वर्षी एका साध्या क्लबात गेली, आणि बाराव्या वर्षी, २००४ला, अथेन्समध्ये तीन सुवर्णपदकं घेऊन आली. २०२४ला पॅरिसमध्येही तिने सुवर्ण जिंकलं. सहा पॅरालिम्पिक, वीस वर्षं, एकूण ३१ पदकं. तिच्या आधीच्या ट्रिशा झॉर्न तर १९८० ते २००४, सात पॅरालिम्पिक. शेवटचं पदक चाळिशीत. जन्मतः दृष्टी अगदीच अधू असलेली बाई चाळिशीत पदकाच्या शर्यतीत पोहते, हे इथे कुणाला खरं वाटेल?

तर मुद्दा असा: आजीच्या अंगणातला तलाव. पैसा, प्रशिक्षक, तंत्रज्ञान हे सगळं नंतर येतं. आधी घराजवळ पाणी लागतं आणि त्या पाण्यापाशी "ये" म्हणणारं कुणीतरी लागतं. आपल्या अंगणात तलाव नसतो. आपलं अंगण म्हणजे महापालिकेचा टँक. त्याची किल्ली तुमच्याकडे.

आमच्या शरीराचं थोडं सांगते, कारण 'रिस्क' हा शब्द तुमच्या तोंडी फार येतो आणि नेमकी रिस्क कुठे आहे ते कुणी विचारत नाही.

जमिनीवर माझा डावा पाय ओझं आहे. पाण्यात ते ओझं राहत नाही. कॅलिपरशिवाय, काठीशिवाय, कुणाचा हात न धरता मी सरळ रेषेत जाऊ शकते अशी जगात एकच जागा आहे आणि ती तुमच्या तलावातली भिंतीकडची लेन आहे. पण लाथ एकाच पायाची बसते, कंबर डावीकडे झुकते, आणि ते सावरायला उजव्या खांद्याला दुप्पट काम पडतं. म्हणून आमचे खांदे लवकर झिजतात. चाळिशीनंतर पोलिओचं आणखी एक दुखणं वर येतं. इतकी वर्षं ज्या स्नायूंनी भार वाहिला ते दमायला लागतात, आणि चांगला म्हणून धरलेला पायही कुरकुरतो. डॉक्टर म्हणतात, जोराचा व्यायाम नको, पण पाणी सोडू नका. म्हणजे स्पर्धा सुटली तरी तलाव सुटायला नको. आमच्यासारख्यांची कारकीर्द लांबते ती याच कारणाने. बाकीचे पोहणारे पंचविशीत निवृत्त होऊन जिमला जातात. आम्ही कुठे जाणार?

आता खरी रिस्क ऐका. मणक्याला इजा झालेल्या माणसाला कमरेखाली स्पर्श कळत नाही. तुमच्या तलावाचा काठ खरखरीत आहे, पाण्यात सरकताना त्याच्या बैठकीची कातडी सोलली तरी त्याला समजत नाही. पायाची बोटं तळाच्या फरशीला घासतात, रक्त येतं, तेही त्याला शेजारचा सांगतो तेव्हा कळतं. त्यातून जखम चिघळली तर महिनोन् महिने पाणी बंद. यावर उपाय म्हणजे काठावर टाकायला फोमची एक जाड मॅट आणि पायात मोजे. झालं. माझा पोलिओचा पाय थंडीत निळा-जांभळा पडतो, कारण त्यात रक्त नीट खेळत नाही. त्यावर उपाय म्हणजे डिसेंबरमध्ये एक बॅच उन्हं वर आल्यावर, दहा-साडेदहाला. ही आमची रिस्क. बुडण्याची भीती तुम्हाला वाटते, आम्हाला नाही. बुडण्याची भीती वाटली असती तर शिकायला आलोच नसतो.

सभासद तक्रार करतात, हेही ऐकलं आहे. एका तलावावर मला एका बाईंनी समोरासमोर विचारलं होतं, "तुमच्या पायाला काही लागण वगैरे नाही ना?" मी म्हटलं, लागण होती, एकोणीसशे शहात्तर साली. त्या हसल्या नाहीत. पण दोन महिन्यांनी त्याच बाई माझ्याकडून श्वास कसा घ्यायचा ते शिकत होत्या. तक्रार करणाऱ्याला उत्तर द्यायची जबाबदारी तुमची असते. त्याच्या तक्रारीवरून आम्हाला घरी पाठवणं सोपं पडतं म्हणून ते करू नका.

आणि हे सगळं तुमच्या मर्जीवरही नाही. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम २०१६, कलम ३०. खेळात दिव्यांग व्यक्तींना खऱ्या अर्थाने भाग घेता यावा यासाठी उपाय करणं सरकारवर बंधनकारक आहे, आणि त्यात क्रीडा सुविधांची रचना बदलणंही आलं. तुमचा नियम क्रमांक ७ या कायद्याच्या थेट उलट उभा आहे. उद्या कोणी कोर्टात गेलं तर तो बोर्ड एक दिवस टिकणार नाही. मी कोर्टात जाणार नाही, माझं वय झालं आणि मला सकाळी पोहायचं असतं. पण कुणीतरी जाईल.

क्रीडा अधिकारी साहेब, तुमच्यासाठी वेगळं दोन ओळी. तलाव ठेक्याने देता तेव्हा निविदेत पाणी शुद्धीकरण, जीवरक्षकांची संख्या, तिकिटाचे दर, सगळं लिहिता. त्यातच लिहा की हौदाला बाजूने उताराची वाट हवी, दोन्ही बाजूंना कठडा हवा, उथळ बाजूला उभ्या शिडीऐवजी रुंद पायऱ्या हव्यात, कपडे बदलायच्या एका खोलीचं दार व्हीलचेअर जाईल एवढं हवं. एकदा निविदेत आलं की ठेकेदार करतो, नाही आलं की "बजेट नाही" म्हणतो. दोघांचाही दोष नाही, कागदाचा आहे, आणि कागद तुमच्या हातात आहे. पाण्यात उतरवायची ती महागडी यंत्राची खुर्ची मी मागत नाही. असली तर उत्तमच. पण तिची वाट पाहत दहा वर्षं काढण्यापेक्षा ताकदीचे दोन जीवरक्षक आणि त्यांना कसं धरायचं हे नीट शिकवणं पुरतं. काखेत हात घालून पोत्यासारखं उचलायचं नाही, आधी विचारायचं. इतकंच शिकवायचं आहे.

दुरुस्तीचंही. तलाव दुरुस्तीसाठी बंद असा फलक लागतो, "काही दिवस" म्हणून, आणि ते काही दिवस दोन पावसाळे पाहतात. धडधाकट माणूस स्कूटर काढून शहराच्या दुसऱ्या टोकाच्या तलावावर जातो. आमच्यातल्या किती जणांना ते जमतं? एका दुरुस्तीच्या काळात माझ्याबरोबर सराव करणारा एक मुलगा पोहणं सोडून गेला. दोन्ही पायांना पोलिओ, फ्रीस्टाइलला माझ्यापेक्षा कितीतरी वेगवान. तलाव चौदा महिन्यांनी उघडला तेव्हा तो एसटीडी बूथ चालवत होता, वजन वाढलं होतं, म्हणाला, "आता काय ताई." तलावात पाणी भरलं म्हणजे काय हे तुम्हाला ठाऊक आहे. रिकामं राहिलं म्हणजे काय, ते त्याने मला दाखवलं.

मे महिन्यात पुन्हा वेगळाच प्रकार. उन्हाळी शिबिरांची गर्दी असते म्हणून नेहमीच्या पासधारकांपैकी "ज्यांना शक्य आहे त्यांनी" महिनाभर यायचं टाळावं, अशी सूचना लागते. पोरं शिकावीत, आनंदच आहे. पण राज्य स्पर्धा मे-जूनच्या तोंडावर असली तर सरावाचा तो महिना आमच्याच वाट्याचा का कापायचा? एक लेन, एक तास. आठ लेनमधली एक, चोवीस तासांतला एक.

सत्काराचंही बोलून घेते, मनात राहायला नको. मागे एकदा शहरातल्या दिव्यांग खेळाडूंचा सत्कार झाला. शाल, श्रीफळ, ट्रॉफी, मागे भला मोठा फ्लेक्स, त्यावर पाहुण्यांचे नऊ फोटो आणि आमचा एकत्र एक. व्यासपीठाला पाच पायऱ्या होत्या आणि कठडा नव्हता. व्हीलचेअरवरच्या दोघांचा सत्कार खाली, पाहुण्यांनी वाकून केला. फोटोत ते वाकणं फार छान आलं. भाषणात एकाने विचारलं, "तुम्हाला आमच्याकडून काय हवं?" मी उठून सांगायला हवं होतं, हौद बुजवा. सांगितलं नाही. श्रीफळ हातात घेऊन बसून राहिले. त्याची भरपाई म्हणून हे पत्र आहे असंही समजा.

स्पर्धेतले नियम आमच्या शरीराला किती समजून घेतात, ते एकदा तुम्ही पाहायला हवं. पायाने उडी मारता येत नसेल तर ठोकळ्यावर बसून सुरुवात करा, तेही नसेल तर पाण्यातून करा. सुरुवातीला पाय भिंतीला टेकवून धरायला माणूस लागत असेल तर माणूस मिळेल. बॅकस्ट्रोकला दांडी धरायला हात नसतील तर टॉवेल दातांत धरा, टॉवेलचं दुसरं टोक कुणीतरी काठावर धरेल. कुणाची कमतरता किती हे ठरवायला आधी टेबलावर झोपवून एकेका स्नायूचं बळ शून्य ते पाच असं मोजतात, मग पाण्यात पोहायला लावून बघतात, मग शर्यतीतही लक्ष ठेवतात. हात-पायांच्या कमतरतेचे दहा गट, दृष्टीचे तीन, बौद्धिक एक. इतका बारीक विचार करून जगाने एक खेळ उभा केला, आणि त्या खेळाच्या दारात आपण सात इंच खोल हौद आणि सात नंबरचा नियम ठेवला.

फार लिहिलं. मूळ गोष्टीकडे येते.

त्या दिवशी खिडकीवरून परतणाऱ्या त्या बाईंना मी बाकावरून हाक मारली. कॅलिपर अर्धवट बांधलेला, उठता येईना, म्हणून हाकच मारली. मुलगी माझ्या पायाकडे बघत राहिली, आईने तिला दटावलं, मी म्हटलं बघू दे. तिने विचारलं, "काकू, तुम्ही डीपला जाता?" मी म्हटलं, रोज. तिने जरा विचार केला आणि विचारलं, "एका हाताने गोल फिरत नाही का माणूस?" पहिल्या आठवड्यात फिरतो, मी म्हटलं, मीही फिरायचे. मग कंबर शिकते.

त्या दोघी येत्या सोमवारी सकाळी सव्वासहाला परत येणार आहेत. तोच फॉर्म, तेच दोन फोटो, तेच सर्टिफिकेट. मी बरोबर असेन आणि येताना लाल पेन आणेन. खिडकीत त्या दिवशी कोण बसणार आहे, तेवढं ठरवून ठेवा.

आपली,
नियम क्रमांक ७ मोडणारी एक जुनी पासधारक